जोडणी वळवल्याचा गुन्हा

न्यायालयाच्या कार्यालयात चौतीस वर्षे काढलेला माणूस हाती आलेला कागद आधी तपासतो, वाचतो नंतर. समास सोडला आहे काय, विषय लिहिला आहे काय, संदर्भ दिला आहे काय, तो योग्य मार्गाने आला आहे काय, हे पाहून झाले की मग मजकूर. या सवयीपायी मी किती पक्षकारांना "त्रुटी पूर्ण करून आणा" म्हणून माघारी पाठवले असेल याची गणती नाही. त्याची खंत मला कधी वाटली नाही, कारण त्रुटी खरोखरच असत. खंत वाटली ती निवृत्तीनंतर, आणि तिला खंत म्हणणे हाही एक सभ्य पळपुटेपणाच आहे. ती लाज आहे.

निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या एका शेतकी न्यासाने मला मानद सचिव केले. न्यासाची माती आणि पाने तपासण्याची प्रयोगशाळा अकोल्यात होती, आणि अमरावतीस बाजार समितीच्या मागे दोन खोल्यांचे कार्यालय. चांदूर बाजार, वरुड, शेंदूरजनाघाट इकडचे संत्रा बागायतदार कापडी पिशवीत माती आणून आमच्याकडे देत. पिशव्या अकोल्यास जात, तपासणी तिकडे होई, आणि अहवाल मात्र अमरावतीच्या संगणकावर येऊन इथेच छापला जाई. कोणते खत किती टाकायचे ते त्या अहवालात असे, त्यामुळे बहार धरण्याच्या दिवसांत आमच्या दारापुढे चपलांचा ढीग पडे.

हे सारे सांभाळणारी आमची संगणक सहायक अकोल्याची होती. तिशी ओलांडलेली, मितभाषी, रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून ऑटोने कार्यालयात येणारी. तिच्या कामात मला कधी दोष सापडला नव्हता. मी शोधला नव्हता असे मात्र नाही.

अहवाल आणणारा प्रोग्राम बाहेरगावच्या एका पुरवठादाराने बनवून दिला होता. संगणकांनाही पत्ते असतात, टिंबांनी वेगळे केलेल्या चार आकड्यांचे. पुरवठादाराने अकोल्याच्या सर्व्हरचा पत्ता प्रोग्रामच्या पोटातच पक्का करून टाकला होता, बदलण्याची कोणतीही सोय न ठेवता. भाड्याच्या घराच्या चौकटीवर भाडेकरूचे नाव छिन्नीने कोरून ठेवणाऱ्याला जे म्हणावे, ते मी त्याला चार पत्रांतून म्हटले. चारही पत्रे परत आली. त्याचे दुकान बंद झाले होते. तरी करारनामा जिवंत होता, आणि त्यात प्रोग्राममध्ये ग्राहकाने कोणताही फेरफार करू नये असे कलम होते. ते कलम मी सर्व कर्मचाऱ्यांना उभे राहून वाचून दाखवले आणि बजावले, "याच्या एका अक्षरालाही कोणी हात लावायचा नाही."

त्या वर्षी दिवाळीनंतर अकोल्याची प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली. इंटरनेट दुसऱ्या कंपनीचे आले आणि सर्व्हरचा पत्ता बदलला. आमचा प्रोग्राम बिचारा जुन्याच पत्त्यावर धडका देत राहिला. दोन दिवस एकही अहवाल आला नाही. मी त्या इंटरनेट कंपनीला ग्राहक संरक्षण कायद्याचा हवाला देऊन तीन पानी पत्र धाडले. तिसऱ्या दिवशी दुपारी अहवाल पूर्ववत सुरू झाले. हा माझ्या पत्राचा परिणाम आहे असे मी धरून चाललो, इतकेच नव्हे तर कंपनीला तत्परतेबद्दल आभाराचे पत्रही पाठवले. त्या आभारपत्राची आठवण आजही मला जेवताना मध्येच थांबवते.

जानेवारीत छपाईयंत्र बिघडले म्हणून मेकॅनिक आला. पन्नाशीचा, तंबाखू मळत बोलणारा माणूस. त्या दिवशी सहायक प्रयोगशाळेच्या कामासाठी अकोल्यातच होती. यंत्र जुळवताना तो संगणकाच्या पडद्याकडे पाहत थबकला.

"सायेब, हे पाहा बरं. पोग्रामच्या खाली लिवेल हाये तो पत्ता येगळा, अन् कनेक्शन लागून राह्यलं दुसऱ्याच जागी."

"म्हणजे काय?"

"म्हंजे कोनं तरी मधातून वळवून देलं. पोग्रामले मालूमच नाही का आपन कुठं चाललो म्हून. मोठा हुशार मानूस दिसते."

"दुसरी जागा कोणाची?"

"थे मले काय माहीत? पुसा ना कोनाले तरी."

पुसा कोणाला तरी. हा सल्ला मला त्या दिवशी एका मेकॅनिकने फुकट दिला होता. मी तो घेतला नाही. माझ्या डोक्यात केव्हाच मसुदा तयार होऊ लागला होता: संस्थेची माहिती, अनधिकृत इसमाकडून, कपटपूर्वक, अज्ञात ठिकाणी. मी त्याला संगणकावरचा तो वळवणारा नियम काढून टाकायला लावला, आणि काढण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र पुरावा म्हणून घेतले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी खुर्चीवरून उठलोही नाही.

"जोडणी तुम्ही वळवली?"

"हो सर. मीच."

"कोणाच्या परवानगीने?"

"सर, मी अर्ज देला होता—"

"मी परवानगी विचारतो आहे. अर्ज नाही."

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, एकदा ऐकून तं घ्या. थे पत्ता—"

"तोंडी काही नको. जे असेल ते लेखी."

न्यासाच्या अध्यक्षांनी फोनवर "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, सचिवसाहेब" म्हटले, त्यामुळे पुढे जे घडले त्याची जबाबदारी वाटून घ्यायला मला कोणी नाही. मी तिला कामावरून दूर केले आणि कारणे दाखवा नोटीस बजावली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची कलमे ४३ व ६६ घातली, विश्वासघात हा शब्द तीनदा घातला, खुलाशास सात दिवसांची मुदत दिली. नोटीस फार चांगली उतरली होती. मी ती दोनदा वाचून काढली.

नियम काढल्याबरोबर प्रोग्राम पुन्हा जुन्या पत्त्यावर जाऊ लागला आणि अहवाल बंद पडले. ते आंबिया बहाराचे दिवस होते. संत्र्याची झाडे पाणी तोडून ताणावर सोडलेली असतात आणि ताण सोडताना पहिल्या पाण्याबरोबर खत द्यायचे असते. शेंदूरजनाघाटचा एक बागायतदार सलग तीन दिवस आला. तिसऱ्या दिवशी तो टेबलाला पोट लावून उभा राहिला.

"रपोट आला का सायेब?"

"तांत्रिक चौकशी सुरू आहे."

"कोनाची चौकशी? मातीची?"

मागे उभे असलेले हसले. मी म्हणालो, "कायद्याचे काम आहे. थांबावे लागेल."

"थांबतो ना. मी थांबतो, तुमचा कायदा थांबते, झाडाले कोन सांगन थांब म्हून? आन् ते मॅडम कुठं गेली? ते असली का एका मिनिटात कागद हाती पडे."

"त्यांच्याबद्दल मी बोलू शकत नाही."

"काहून? मेली का काय?" असे म्हणून तो रिकाम्या हाताने गेला. मला त्याचा संताप आला. अडाणी माणसाला प्रक्रिया कळत नाही, असे मी मनाशी म्हटले.

आठव्या दिवशी तिचा खुलासा रजिस्टर पोस्टाने आला. आठव्या, सातव्या नव्हे. तो मी या वेळी मात्र आधी वाचला.

पाच वाक्ये होती. जोडणी मीच वळवली आहे. प्रोग्रामला हात लावायचा नाही असे आपले आदेश असल्याने त्याला हात न लावता, फक्त तो जुना पत्ता मागेल तेव्हा त्याची जोडणी नव्या पत्त्याकडे जावी, एवढा नियम संगणकावर लिहिला. इतर कशालाही तो लागू नाही. नवा पत्ता आपल्याच प्रयोगशाळेच्या सर्व्हरचा आहे. याबाबत त्याच दिवशी दिलेला अर्ज व त्यावरील आपला शेरा यांची छायाप्रत सोबत जोडली आहे.

छायाप्रत उलगडली. अर्ज साध्या भाषेत होता, आणि खुलाशात जे होते ते सर्व त्यात होते. केलेल्या कामास मान्यता मिळावी आणि प्रयोगशाळेकडून पत्त्याची खात्री करून घ्यावी, अशी विनंतीही होती. त्याच्या डाव्या समासात माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीनिशी: "विषय व संदर्भ नमूद नाही. प्रयोगशाळा प्रमुखांमार्फत यावे. परत." तारीख, अहवाल पूर्ववत सुरू झाले त्याच दिवसाची.

मला तो अर्ज आठवत नव्हता. मी खूप प्रयत्न केला. तिने तो टेबलावर ठेवल्याचे, मी पेन उचलल्याचे, काही म्हणजे काही आठवले नाही. म्हणजे मी तो वाचलाच नव्हता.

मनुष्य घर बदलतो तेव्हा पोस्टात एक अर्ज देतो, आणि पाकिटावर जुनाच पत्ता असला तरी पोस्टमन ते नव्या घरी पोचवतो. याला आजवर कोणी कपट म्हटलेले नाही. पक्षकाराचा पत्ता बदलला की आम्ही न्यायालयात पत्ता दुरुस्तीचा अर्ज घेत असू आणि समन्स नव्या जागी बजावत असू. सबंध नोकरीभर हे केलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला संगणकाचे ज्ञान लागत नव्हते. अज्ञात ठिकाण अज्ञात आहे काय, एवढे अकोल्याला फोन करून विचारायचे होते.

इथवर जे झाले ते सवयीचे होते आणि सवयीला क्षमा असते असे मी स्वतःला समजावू शकलो असतो. त्यानंतर जे केले त्याला नाही. खुलासा हातात असताना, त्यातले प्रत्येक अक्षर खरे आहे हे कळलेले असताना, मी पाकिटावरचा शिक्का पाहिला, दिवस मोजले, आणि खुलाशाच्या कोपऱ्यात लिहिले: "मुदतबाह्य. विचारात घेतला नाही." मग सेवासमाप्तीचा आदेश काढला आणि तिच्या सेवापुस्तकात नोंद घेतली: "संस्थेची माहिती कपटपूर्वक अन्यत्र वळवून विश्वासघात केल्याने सेवा समाप्त." माझा शेरा बाहेर येऊ नये एवढ्यासाठी. दुसरे कोणतेही कारण नव्हते. अक्षर नेहमीसारखेच सुरेख आले.

आणखी एक गोष्ट लिहून टाकली पाहिजे. हाच अर्ज माझ्या नात्यागोत्यातल्या, माझ्या ओळखीच्या आडनावाच्या कोणी दिला असता तर मी तो मार्फत आला नाही म्हणून परत केला असता काय? ती बौद्ध कुटुंबातली आहे हे मला ठाऊक होते. त्या शेऱ्याशी त्याचा संबंध नव्हता असे मी शपथेवर सांगू शकत नाही. साक्षीदार म्हणून स्वतःला उभे केले तर मी या प्रश्नावर अडखळतो.

तीन-चार दिवसांनी दुपारी जेवताना पत्नीने विचारले, "काहून, भाकर गोड नाही लागून राह्यली?" मी तिला सगळे सांगितले, म्हणजे मुदतीचे सांगितले. खुलासा एक दिवस उशिरा आला, नियमाप्रमाणे तो घेता येत नव्हता.

"एक दिवस? अन् तुमचा लग्नाचा मुहूर्त टळला होता दोन घंटे, तवा नाही तुमी वापस गेले घरी." तिने ताटात भाजी वाढली. "ते पोरगी खोटी हाये का खरी, एवढं सांगा मले."

"प्रश्न तो नाही."

"मंग कोनता हाये?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. ती म्हणाली, "उद्याची गाडी पकडा अन् जा अकोल्याले," आणि भाजीचे भांडे आत घेऊन गेली.

अकोल्यात तिचे घर शोधायला वेळ लागला नाही. दार वडिलांनी उघडले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझ्याच वयाचे. समोरच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका चौकटीत लावलेली होती. त्यांनी पाणी दिले, बसायला सांगितले, आणि मी नाव सांगताच हातातला पेला तसाच धरून उभे राहिले.

"तुमी ते नोटीसवाले सायेब."

"होय."

"मी वाचली ते. तीनदा वाचली. मराठी चांगली हाये तुमची." मग ते बसले. "पाहा सायेब, आमच्या घरात कायद्याच्या पुस्तकाले पाय लागला तर आमी पाया पडतो. कायद्यानंच आमाले मानूस केलं. अन् तुमी त्याच कायद्यानं माह्या पोरीले चोर लिवलं."

मी माझा अपराध सांगू लागलो. अर्ज न वाचल्याचा सांगितला, आणि नंतर, फार अडखळत, खुलासा वाचूनही मुदतबाह्य ठरवल्याचा. हे दुसरे त्यांना माहीत नव्हते. ती आतल्या दाराशी येऊन उभी होती.

"वाचून?" ती म्हणाली.

"होय."

"म्हंजे तुमाले माहीत होतं सर. अन् तरी."

"होय."

ती पुढे आली. मग म्हणाली, "नोकरी गेली त्याचं राहू द्या. मी इथं एका कॉलेजात अर्ज देला. त्याईनं सेवापुस्तकाची नक्कल मागतली. विश्वासघात लिवेल कागद घेऊन मी कोनत्या दारात जाऊ? संगणकाचं काम हाये सर. विश्वासावरच तं देते कोनी."

"मी आदेश मागे घेतो."

"तोंडी नका सांगू," वडील म्हणाले. "तुमीच म्हने तोंडी घेत नाही काही."

परतीच्या गाडीत मी मसुदा केला. त्यात पहिल्यांदाच कोणतेही कलम नव्हते. न्यासाच्या कार्यकारी मंडळाला मी कळवले की आरोप खोटा होता, वळवलेली जोडणी संस्थेच्याच सर्व्हरकडे जात होती, सहायिकेने त्याच दिवशी लेखी कळवले होते, सचिवाने तो अर्ज न वाचता परत केला, आणि पुढे खुलासा वाचून, तो खरा आहे हे जाणून, स्वतःचा दोष झाकण्यासाठी मुदतीचे निमित्त केले. सोबत सर्व कागद आणि माझा राजीनामा जोडला.

अध्यक्षांचा फोन आला. "अहो सचिवसाहेब, एवढं कशाले? 'गैरसमजातून' लिहा अन् मोकळे व्हा. पोरीले घेऊ वापस, पेढे देऊ."

"गैरसमज नव्हता."

"तुमी काय फाशी मागून राहिले का? उद्या बागायतदार वाचतीन हे."

"वाचू द्या," मी म्हणालो. मला त्यांचाही संताप आला, आणि लगेच लक्षात आले की हाच सल्ला मी आठवडाभरापूर्वी स्वतःला दिला होता आणि तो मानलाही होता.

मंडळाने आदेश रद्द केला. हंगाम संपेपर्यंत काम पाहायला ती तयार झाली. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी माझे शेवटचे काम सेवापुस्तकातली नोंद हे होते. सेवापुस्तकातील मजकूर खोडता येत नाही. चूक झाली तर तिच्याखाली दुरुस्तीची नोंद घ्यायची असते. मी खाली सविस्तर लिहिले. वरील आरोप असत्य होता, तो करणाऱ्यास असत्य असल्याचे माहीत होते, नोंद रद्द. तिने ते उभ्यानेच वाचले.

"वरचं राह्यलंच सर."

"ते खोडले तर पुस्तकच संशयास्पद ठरते."

"माहीत हाये मले." तिने सही केली. "मले या पानाची नक्कल पाहिजे. आजच. कॉलेजची तारीख उद्या हाये."

नकलेला सात दिवस लागतात, असे तोंडात आले होते. मी ते गिळले. वीज गेल्याने झेरॉक्स बंद होते म्हणून मी कागद ओढला आणि हाताने उतरवायला बसलो. खालची नोंद उतरवणे सोपे होते. वरची उतरवताना माझेच अक्षर पाहून तेच अक्षर पुन्हा काढावे लागत होते, शब्दागणिक, त्याच वळणाने. तिकडे तिने संगणक सुरू करून वळणाचा नियम पुन्हा लिहिला होता आणि अडकलेले अहवाल एकामागून एक येऊन पडद्यावर साचत होते, वीज आली की छापले जाण्यासाठी. संगणक आणि इंटरनेटचे यंत्र तेवढे बॅटरीवर चालू होते.

मी सही करायला पेन टेकवले तेव्हा ती माझ्या खांद्याशी येऊन मूळ पान आणि नक्कल जुळवून पाहत होती.

"सर, एक शब्द राह्यला."

मी पाहिले. वरच्या ओळीत 'कपटपूर्वक' उतरवायचे राहून गेले होते. मुद्दाम नव्हे, पण राहून गेले होते.

"तो नसला तरी चालेल," मी म्हणालो.

"नाही चालत. नक्कल म्हंजे नक्कल. उद्या कोनी म्हनन मीच गाळला."

मी ओळीच्या वर काकपद दिले, तो शब्द लिहिला, शेजारी आद्याक्षरे घातली आणि खाली प्रमाणित केल्याची सही केली. तिने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, मग घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.